दोनशे छत्तिसावा मीटर

गोदामात त्याला सगळे चाचपू म्हणत, आणि ते नाव त्यानं स्वतःच्या वागण्यानं कमावलं होतं. कापडाच्या दुकानात गेला की आधी कापड चिमटीत धरून चोळायचा आणि मग भाव विचारायचा. टोमॅटो इतके दाबून बघायचा की भाजीवाली ओरडायची, "काका, विकत घ्यायचेत की मालिश करायचंय?" लग्न झाल्यावर बायकोचा हात पहिल्यांदा हातात घेतला, तेव्हाही म्हणे त्यानं अंगठ्यानं तिचं मनगट दाबून पाहिलं होतं. ती ही गोष्ट अजून चारचौघांत सांगते आणि तो अजून लाजतो.

गोदाम वायर रोपचं होतं. कारखान्यातून माणसापेक्षा उंच रिळं यायची. गिऱ्हाईक मागेल तितके मीटर त्यातून काढून लहान रिळावर गुंडाळून द्यायचे, हे चाचपूचं काम. सत्तावीस वर्षं त्यानं दुसरं काही केलं नाही. बघणाऱ्याला वाटतं, यात काय मोठंसं? एक रीळ सुटतंय, एक भरतंय आणि मध्ये एक माणूस दोरावर हात ठेवून उभा आहे. असं म्हणणाऱ्याशी चाचपू वाद घालायचा नाही. त्याच्या हातात हातमोजे द्यायचा आणि मशीनपाशी उभं करायचा. दहा मिनिटांत गृहस्थ घाम पुसत बाहेर यायचे.

पोलादाला आपण मुर्दाड समजतो. पण दोर होऊन ते रिळावर चढायला लागलं की त्याच्याइतकं मानी काही नाही. सैल गुंडाळलं तर ओझं येताच वरचा थर खालच्या थरात घुसतो आणि खालच्या तारा चेपतात. फार लहान रिळावर कोंबलं तर ते वाकणं दोर जन्मभर विसरत नाही, सोडला तरी वेटोळी घालूनच पडतो. एका रिळाच्या डोक्यावरून सुटलेला दोर दुसऱ्याच्या डोक्यावरूनच चढवायचा. खालून चढवला तर इकडे वाकलेला दोर लगेच तिकडे वाकतो आणि त्याचा पीळ बिघडतो. सगळ्यात वाईट म्हणजे दोराची मान मुरगळणं. दोर क्षणभर सैल पडतो, त्याचा मुठीएवढा फास होतो, आणि तो मोकळा व्हायच्या आत ताण येऊन आवळला जातो. नंतर लाकडी हातोड्यानं ठोकून तो सरळ करता येतो. वरून ग्रीस फासलं की दिसतही नाही. पण आतल्या तारा मोडलेल्या असतात, आणि तेवढ्या जागी दोराचा जोर निम्मा राहतो. असा दोर कापायचा, दुसरा इलाज नाही. हे चाचपूनं आजवर निदान पन्नास जणांना शिकवलं होतं.

आणि त्यानं स्वतः असा दोर ठोकून सरळ केला, ग्रीस फासलं आणि गुंडाळून गिऱ्हाइकाला दिला.

का, ते सांगायला हवं, नाहीतर माणूस उगाच बदमाश ठरेल. चाचपूची बोटं मेली होती. एका दिवसात नाही. आधी सकाळी मुंग्या यायच्या, मग बोटांची टोकं पांढरी पडायला लागली, मग एकदा चहाच्या पातेल्याला हात लागून फोड आला आणि तो आल्याचं त्याला दुसऱ्या दिवशी दिसलं. कळलं नाही, दिसलं. सत्तावीस वर्षं रिळाची थरथर हातांतून जात होती, ती जाताना हातही घेऊन गेली. डॉक्टरकडे तो गेला नाही. डॉक्टर कागदावर लिहितो, आणि कागद गोदामात पोचायला वेळ लागत नाही. ज्याच्या बोटांवर गोदामाचं नाव उभं आहे त्याची बोटंच गेली, तर त्याला कोण ठेवील? दारावर बसवतील, गाड्यांचे नंबर लिहायला.  मग त्यानं युक्ती काढली. बोटांचं काम डोळ्यांना लावलं. दोरावर हात ठेवायचा सवयीनं, पण खरं लक्ष डोळ्यांत. कुणाला पत्ता लागला नाही.

त्या दिवशी चारशे मीटरची ऑर्डर होती. मीटर मोजणारा काटा मध्येच अडकला, म्हणून चाचपूनं मान वळवून काट्याकडे पाहिलं. तेवढ्यात मोठं रीळ थोडं जास्त फिरलं, दोर सैल पडला, फास झाला आणि त्याच्या हाताखालून गेला. हाताला काही कळलं नाही. पुन्हा वळून पाहिलं तेव्हा मुरगळलेली मान रिळावर चढलेली होती. काटा दोनशे छत्तीसवर होता.

कापायला हवं होतं. पण कापलं की मालक विचारणार, काका, तुमच्या हाताखालून फास गेलाच कसा? त्या एका प्रश्नाला चाचपू जितका घाबरला तितका तो आयुष्यात कशालाच घाबरला नव्हता. त्यानं इकडेतिकडे पाहिलं, हातोडा घेतला, आणि तीन मिनिटांत सगळं सारखं करून टाकलं. मग उरलेले मीटर गुंडाळून नेहमीसारखं दोराचं टोक मऊ तारेनं बांधलं. ती त्याची ठरलेली बांधणी होती, सात वेढे आणि शेवटी आडवी गाठ. गिऱ्हाइकं ती बघून दोर पुन्हा तपासायचीसुद्धा नाहीत.

दोर गेला तो शहराच्या पाण्याच्या बोगद्यावर. बोगद्यात उतरायला जमिनीत सरळ खाली एक विहीर खणत होते आणि तिच्यावर यारी, म्हणजे माणसं आणि ओझी वरखाली करायचं यंत्र, बसवली होती. यारीच्या ड्रमवर हा नवा दोर चढला. दोराच्या टोकाला लोखंडी पाळणा, आणि पाळण्यात उभं राहून आठ-आठ माणसं खाली जायची. विहिरीला तेव्हा दीडशे मीटर खोली होती.

ऑर्डरच्या कागदावर मापं होती, त्यावरून चाचपूनं हिशोब केला. ड्रमपासून वरच्या चाकावरून विहिरीच्या तोंडापर्यंत एकतीस मीटर. दोनशे छत्तिसातून एकतीस गेले, राहिले दोनशे पाच. म्हणजे विहीर दोनशे पाच मीटर होईपर्यंत ती जागा ड्रमवर आतल्या थरात गप्प बसणार होती. त्यापुढे ती बाहेर येणार, आणि आठ माणसं तिच्यावर लोंबकळणार. पहिले काही दिवस त्यानं स्वतःची समजूत घातली. इतकं खोल कोण खणतंय? काम बंद पडेल, दोर बदलतील, काहीतरी होईल.

पण नशिबानं त्याची थट्टाच मांडली होती. त्याचा साडू त्याच विहिरीत खणायला होता.

साडू म्हणजे एक नमुना होता. तोंडाला कुलूप नावाची वस्तू त्याला माहीत नव्हती. दर रविवारी तो बायकोला घेऊन जेवायला यायचा, खुर्चीत पाय पसरून बसायचा आणि ताट येण्याआधी आकडा सांगायचा. "साडूभाऊ, एकशे एकोणसाठ!" जणू विहीर त्यानं एकट्यानं नखांनी खणली होती. एरवी चाचपू त्याच्या बढाया या कानानं ऐकून त्या कानानं सोडायचा. आता प्रत्येक आकडा तो मनात दोनशे पाचातून वजा करायचा.

"एकशे अडुसष्ट! दगड असा लागलाय की ठिणग्या उडतात."

"एकशे शहात्तर. आणि दोर काय दिलाय साडूभाऊ तुम्ही! पाळणा असा उतरतो, की पाण्याचा ग्लास भरून ठेवला तरी सांडायचा नाही. मी सगळ्यांना सांगतो, दोर आपल्या घरचा आहे."

चाचपूच्या हातातला घास हातातच राहिला. "तू जरा रजा का घेत नाहीस?" तो म्हणाला. "महिनाभर. कुठेतरी फिरून या दोघं."

साडूनं चाचपूच्या बायकोकडे पाहिलं आणि दोघंही हसायला लागली. "वहिनी, यांना काय झालंय? मला म्हणतात फिरून ये! यांच्या खिशातून कधी चहा निघाला नाही."

त्याला तेव्हाच सांगता आलं असतं. सांगायचं तर सगळं सांगावं लागलं असतं, आणि साडूला सांगणं म्हणजे चौकात भोंगा लावणं. चाचपू पाणी प्यायला आणि त्यानं भाजी वाढायला सांगितली. मला विचाराल तर इथेच तो खरा चुकला. हातोडा त्यानं घाबरून मारला होता, हे गप्प बसणं मात्र त्यानं दर रविवारी नव्यानं ठरवलं.

आकडा एकशे त्र्याण्णव झाला, तेव्हा तो मालकाकडे गेला. मालक वयानं लहान, जुन्या मालकाचा मुलगा. चाचपूच्या मांडीवर खेळलेला.

"मालक, बोगद्यावर गेलेल्या दोराबद्दल मला शंका वाटते."

"कसली?"

"मध्ये कुठेतरी मान मुरगळली असावी."

"तुम्ही पाहिली?"

चाचपूनं खाली बघितलं. "पाहिली असं नाही. हाताला जरा शंका आली होती."

मालक हसला. प्रेमानंच हसला, तेच वाईट. "काका, तुमच्या हाताला शंका आली असती तर तुम्ही तिथल्या तिथे कापला असता. मी तुम्हाला ओळखत नाही का? दोर गेला, बसला, दीड महिना चालतोय. आता फोन करून काय सांगू, आमच्या माणसाला वाटतंय? दोन दिवस सुट्टी घ्या. थकलात तुम्ही."

चाचपू तसाच परत मशीनवर आला. आपण किती चांगले कामगार आहोत हे ऐकून माणसाला मरावंसं वाटेल, असं त्याला पूर्वी कुणी सांगितलं असतं तर त्यानं त्याला वेड्यात काढलं असतं. त्याच्या अर्ध्या खोट्याला त्याच्या सत्तावीस वर्षांच्या खऱ्यानं गाडून टाकलं होतं.

पुढच्या रविवारी साडू दारातूनच ओरडला, "दोनशे दोन! मंगळवारी दोनशे पाच पार करणार. सगळी पाळी मिळून पेढे वाटणार आहोत."

मंगळवारी सकाळी चाचपू शर्टाच्या बटणांशी झटत उभा होता. बटण बोटांत सापडत नव्हतं. बायको स्वयंपाकघरातून आली, काही न बोलता तिनं एकेक बटण लावलं, आणि सगळ्यात वरचं लावताना म्हणाली, "तुमचे हात गेलेत, हे मला दोन वर्षांपासून माहीत आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही लपवत होतात, मी लपवू दिलं. पण सहा आठवडे तुम्ही जेवत नाही आहात. भावजींचा आकडा ऐकला की तुमचा चेहरा उतरतो. काय आहे ते मला नको सांगायला. ज्याला सांगायला हवं त्याला सांगा."

तो गोदामात गेला नाही. विहिरीवर पोचला तेव्हा सकाळची पाळी पाळण्याभोवती जमली होती. पिवळी शिरस्त्राणं, चिखलाचे बूट, आणि सगळ्यांत मोठ्यानं बोलणारा साडू. यारी चालवणारी बाई आपल्या केबिनमधून उतरून ड्रमचं वंगण बघत होती. चाळिशीची, थोडी जाडजूड, कपाळावर कायमची आठी. यारी चालवायची की नाही हे तिथे तीच ठरवायची, साहेबलोकांचंही तिच्यापुढे चालत नसे.

"बाई, आज पाळणा खाली सोडू नका," चाचपू म्हणाला. "हा दोर मी गुंडाळलाय. यात दोष आहे."

"अरे, साडूभाऊ!" साडू धावत आला. "बघा रे, हेच ते! ज्यांनी दोर दिला ते!"

यारीवाल्या बाईनं चाचपूला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "कुठे दोष आहे?"

"दोनशे छत्तीस मीटरवर. ड्रमवर, आतल्या थरात. आज बाहेर येईल."

"काका, दर आठवड्याला कापसाचा बोळा धरून दोर चालवते मी. एक तार तुटलेली असली तरी कापूस अडकतो. आजवर एक धागा अडकला नाही."

"चालणारा दोर तपासलात. आतला कुठे सुटलाय अजून? आणि सुटला तरी वरून काही लागायचं नाही. मोड आत आहे."

"मग तुम्हाला कसं माहीत?"

पुन्हा तोच प्रश्न. चाचपूनं ड्रमकडे पाहिलं. "मला वाटतं," तो म्हणाला.

बाईच्या कपाळावरची आठी आणखी खोल गेली. "चारशे मीटर दोर उतरवायचा म्हणजे दोन पाळ्या काम बंद. 'वाटतं' यावर? दोराला तुमचीच बांधणी आहे, सात वेढ्यांची. मी त्या बांधणीवर माणसं सोडते. कुणी तुमच्याशी भांडलंय का गोदामात? दोराचं नाव खराब करायला आलात?"

पाळीतली माणसं हसली. साडू ओशाळला. "घरी जा तुम्ही, साडूभाऊ. संध्याकाळी येतो मी पेढे घेऊन." आणि त्यानं पाळण्याचं दार उघडून एक पाय आत ठेवला.

चाचपूनं त्या पायाकडे पाहिलं. गाड्यांचे नंबर, मालकाचं हसू, सत्तावीस वर्षं, सगळं एकदम क्षुल्लक झालं. तो ओरडला, "मला कळलं नाही! फास माझ्या हाताखालून गेला आणि मला कळलं नाही! माझे हात मेलेत! नंतर डोळ्यांनी दिसला, तर मी ठोकून सरळ केला आणि पाठवला. मी पाठवला, जाणूनबुजून!"

हसणं थांबलं. पण बाई मान हलवत होती. "तुमचे हात? अहो, तुमच्या हातांची गोष्ट तर आम्ही..."

"दाभण आहे?"

दोराचे पेड मोकळे करायला तिच्या पट्ट्यात दाभण असायचंच. तिनं ते काढलं, पण दिलं नाही. चाचपूनं केबिनच्या पायरीवर उजवा पंजा पसरला आणि डोळे घट्ट मिटले. "टोचा. कुठलं बोट ते मी सांगतो. सांगता आलं तर मी खोटा, सोडा पाळणा."

तो वाट बघत राहिला. 

"टोचा ना, बाई," तो म्हणाला. "भिऊ नका."

तरी कुणी काही बोलेना. त्यानं डोळे उघडले. तीन बोटांतून रक्त येत होतं आणि पायरीवर सांडत होतं. बाई दाभण हातात धरून उभी होती आणि तिचा चेहरा पांढरा पडला होता. ती पाळीकडे वळली आणि तिनं एकच शब्द सांगितला, "बंद."

दोर उतरवायला दुपार झाली. पाळणा सोडवून बाजूला ठेवला आणि सगळा दोर मोकळ्या जागेत लांबच लांब अंथरला. बाईनं टेप धरली. दोनशे छत्तिसाच्या आसपास रॉकेलनं ग्रीस पुसलं, दाभणानं पेड उचकटले आणि आत पाहिलं. गाभ्याजवळच्या तारा तुटून दातांसारख्या उभ्या होत्या. एका पेडातल्या एकोणीस तारांपैकी अकरा गेल्या होत्या, शेजारच्या पेडातल्या नऊ. बाईनं मोजल्या, पुन्हा मोजल्या, आणि जमिनीवर बसली.

साडू गप्प होता. वीस वर्षांत चाचपूनं त्याला गप्प पाहिलं नव्हतं. त्यानं खिशातून रुमाल काढला आणि चाचपूच्या बोटांना बांधायला लागला.  पाळीतल्या कुणीतरी चहा आणला. एकजण म्हणाला, "काका, आठ घरं वाचवलीत." चाचपूनं दोन्ही तळहातांत पेला धरला. तो गरम आहे की गार, त्याला कळत नव्हतं, पण दीड महिन्यात पहिल्यांदा त्याचा श्वास छातीच्या तळापर्यंत गेला. नोकरी गेली होती, इज्जत गेली होती. चालेल, असं त्याला खरंच वाटलं. आता होतं ते सगळं सांगून झालं होतं.

बाई अजून जमिनीवरच बसलेली होती. तिनं मान वर केली. "काका, हात असे कधीपासून आहेत?"

दीड महिना, असं म्हणता आलं असतं. साध्या आवाजात म्हटलं असतं तर सगळ्यांनी मानलंही असतं. साडू त्याच्याकडे बघत होता, डोळ्यांत नुसती माया. चाचपूनं पेला खाली ठेवला.

"चार वर्षं."

"चार वर्षं तुम्ही रोज गुंडाळताय?"

"रोज."

"हा तुम्हाला दिसला," बाई सावकाश म्हणाली, "म्हणून कळला."

पुढचं ती बोलली नाही. बोलायची गरजही नव्हती, पाळीतल्या सगळ्यांनी आपापल्या मनात शहर फिरून घेतलं होतं. क्रेनी, पूल, उंच इमारतींच्या बाहेरचे रंगाऱ्यांचे झोपाळे. रुमालाची गाठ अर्धवट सोडून साडू उभा राहिला. त्याची बायको मोठ्या दवाखान्यात आठव्या मजल्यावर कामाला होती आणि तिथल्या लिफ्टचे दोर गेल्या वर्षी बदलले होते.

"साडूभाऊ," तो म्हणाला, "दवाखान्यातल्या लिफ्टचे दोर कुणी दिले?"

"आम्ही."

"तुम्ही गुंडाळले?"

"मी."

"पण तपासून दिले होते ना?"

"सगळेच्या सगळे," चाचपू म्हणाला. "हाताला काही लागलं नाही."